भुरी गोठ्यात हाय

वणीच्या उन्हाळ्यात हापशीजवळ एखादी गाडी थांबली, की ड्रायव्हर आधी स्वतःच्या तोंडावर पाणी मारतो. लहानूकाका आधी बॉनेट उघडायचे. मागे बसलेल्या आम्ही बाया कोरड्या घशाने हापशीकडे बघत असायचो, आणि सहा फूट उंचीचा हा माणूस डबे भरभरून जीपच्या रेडिएटरमध्ये ओतत असायचा. एवढ्या माणसाचं नाव लहानू कोणी आणि काय बघून ठेवलं होतं, कोण जाणे. कोणी कुरकुरलं की उत्तर ठरलेलं.

"तुमाले तोंड हाय, तुमी मांगसान. तिले हाय का तोंड?"

ती म्हणजे भुरी. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधल्या बायांची आमची संघटना, आणि भुरी ही त्या संघटनेची एकुलती एक जुनी डिझेल जीप. तिच्या मूळ रंगाबद्दल मतभेद होते. धुळीने आणि कोळशाच्या भुकटीने ती एखाद्या वगारीसारखी भुरकट झाली होती, म्हणून भुरी. काकांच्या लेखी ती म्हैसच होती. ते तिला चालवत नसत, हाकत असत. चढ आला की जीभ टाळूला लावून 'टॉक् टॉक्' करायचे. कार्यालयामागे टिनाच्या शेडमध्ये ती उभी राहायची, त्या शेडला ते 'भुरीचा कोठा' म्हणायचे. तिच्या रेडिएटरला एक जुना पाझर होता, तोही ते बुजवू देत नसत. "जनावराच्या तोंडातून लाळ गळते, म्हून कोनी तोंड शिवते का?"

मे महिन्यात चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक बॉनेट उघडून, वाफा सोडत ओळीने उभे असत. त्यांच्या शेजारून जाताना काका हॉर्न वाजवायचे. काही गरज नसताना. उमेदीची वर्षं त्यांनी असल्याच ट्रकवर काढली होती आणि एक दिवस मालकाशी भांडून खाली उतरले होते.

"पाह्य पत्रकबाई," ते मला म्हणायचे, "मालकाच्या गाड्या तहानेनं मरून राह्यल्या. संघटनेची गाडी पानी पिऊन चालली. लिही याच्यावर."

मी संघटनेची पत्रकं लिहायची. आमच्या घरात लहानपणी ताटाखाली पाट नसला तरी पत्रक असायचं, भिंतीला पोपडे आले की त्यावर पत्रक चिकटायचं, आणि मी अक्षरं शिकले तीही जुन्या पत्रकांवरच; त्यामुळे 'चलो' हा शब्द मला 'कमळा'च्या आधी आला. काकांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. तहानलेल्या मालकशाहीवरचं ते पत्रक मी खरंच लिहिलं होतं. संघटनेने ते छापलं नाही.

काकांचा राग एकाच शब्दावर होता. 'बंद पडली.' बंद पडतं ते दुकान, म्हणायचे. बंद पडते ती जिनिंग, तीही मालकाला वाटलं म्हणून. भुरी कधी बंद पडत नसे. ती रुसायची, दम खायची, विचारात पडायची. पांढरकवड्याच्या अलीकडे एकदा तिच्या बॉनेटमधून धूर निघाला. आम्ही ओरडत खाली उड्या मारल्या. काका शांतपणे म्हणाले, "बिडी पिऊन राह्यली. पिऊ द्या."

नेरला आमचा मोर्चा निघाला, तेव्हा ती बस स्टँडसमोर अशीच विचारात पडली. टपावर भोंगा तिच्या, भोंग्याची बॅटरी तिच्यात, आणि मागे भर उन्हात सगळ्या बाया. भुरी हलेना म्हणून मोर्चा हलेना. काकांनी माइक हातात घेतला.

"बायांनो, आजपासून मोर्चाची नवी पद्धत! दोन्ही हात गाडीले लावा. 'जिंदा'ले दम घ्या, आन् 'बाद'ले ढकला!"

तहसीलपर्यंत भुरी तशीच गेली. दर 'बाद'ला हातभर. फाटकावरच्या हवालदाराने विचारलं, गाडी का ढकलताय? काका स्टिअरिंगमागून ऐटीत म्हणाले, "डिझेल महाग झालं न साहेब. निषेध हाय." दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आमच्या मागण्या दोन ओळींत आल्या आणि 'अभिनव ढकल-मोर्चा' फोटोसकट.

शांताबाई हसल्या नाहीत. त्या आमच्या अध्यक्ष. हयात जिनिंगच्या रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, गेलेली, कापसाच्या धुळीने आवाज कायमचा बसलेला. पण त्या बसक्या आवाजात एकदा शब्द बाहेर पडला, की तो मागे जात नसे. त्या एवढंच म्हणाल्या, "लहानू, मले बाया मोर्चाले लागतात. धक्का माराले नाही."

तेव्हापासून भुरीच्या मागे भंगारवाला लागला होता म्हणा ना.

त्या पावसाळ्यात हिमाचलातल्या एका गावावर डोंगर खचला. घरं गेली. तिथल्या लोकर विणणाऱ्या बायांशी आमच्या संघटनेची जुनी ओळख होती. अशा वेळी आपल्याकडे लोक कपाटं रिकामी करतात आणि त्याला मदत म्हणतात. विरलेली साडी, बटण तुटलेला शर्ट, एका पायाची चप्पल. मला याची मनापासून चीड आहे. ज्याचं घर गेलं, त्याच्या दारात तुमचा कचरा कशाला? सुदैवाने शांताबाईंचंही हेच मत होतं. "आपल्याइथे काय पिकते? कापूस. मंग कापूस द्याचा. आन् नवा द्याचा." बायांनी रजया शिवायला घेतल्या. नवा कापूस, कोरं कापड, पक्का टाका. रजया होईहोईपर्यंत दिवाळी उलटून थंडी पडली, आणि प्रश्न आला की त्या न्यायच्या कशात.

शांताबाईंचं ठरलेलं होतं. भुरी विकायची, टेम्पो भाड्याने करायचा. सभेत काका उठून उभे राहिले. उभे राहिले की त्यांचं डोकं पंख्याला लागेल अशी नेहमी भीती वाटायची.

"भुरी नेईन. आन् वापस आनीन."

"आन् रस्त्यात बंद पडली त?"

"बंद पडाचा सवालच नाही."

"माह्या सवालाचं उत्तर दे," शांताबाई म्हणाल्या. "रस्त्यात एकदाही बंद पडली, त आल्या पावली भंगारात. कबूल?"

काकांनी खिडकीतून भुरीच्या शेडकडे पाहिलं. मग म्हणाले, "कबूल." त्यानंतर निघेपर्यंत ते भुरीच्या बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कोणाशी बोलले नाहीत.

पहाडात साधं पाणी चालणार नाही, इंजिनात गोठेल, असं मला गॅरेजवाल्याने बजावलं होतं. मी हिरव्या कूलंटचा डबा आणला. काकांनी झाकण उघडून वास घेतला.

"खसचं सरबत हाय काय?"

"काका, पाणी गोठलं तर इंजिन फुटतं."

"पानी गोठते थे फ्रिजात. इंजिन म्हंजे चूल हाय, पोरी. चुलीवर कधी बर्फ जमलेला पाह्यला काय तू?"

मी त्यांच्यासमोर रेडिएटर रिकामा करवून घेतला आणि ते सरबत ओतलं. माझं काम झालं असं मला वाटलं. पण पाझर होता, आणि काका होते. आम्ही तिघं निघालो: काका, मी आणि नलूमावशी. रजया शिवणाऱ्या बायांची ती म्होरकी; मांडीवर डबा, तोंडात सुपारी आणि काकांच्या प्रत्येक वाक्याला तिच्याकडे शेपूट तयार. नागपूर सुटलं, काकांनी पाणी पाजलं. ढाबा दिसला, पाणी पाजलं. मी ओरडले की म्हणायचे, "पाझरते न ते. तेवढंच भरतो." सरबताचं ताक झालं, ताकाचं पाणी झालं. पहाड लागल्यावर बाकीचे प्रवासी चहाला थांबत, तिथे काका झऱ्याखाली डबा धरत.

"बर्फाचं पानी हाय! भुरीनं जनमात नाही पेलं असं."

"पाजा, पाजा," नलूमावशी म्हणाली. "सर्दी झाली त काढा बी पाजा."

पण भुरी गेली. खरंच गेली. वाटेत एकदा रुसली नाही की विचारात पडली नाही. गावात रजया वाटून झाल्यावर काकांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की जणू डोंगर त्यांनीच जागेवर लावला. आम्ही उतरलो होतो एका म्हाताऱ्या अम्माच्या घरी. तिचं घर वाचलं होतं. खालच्या मजल्यात गाई, वर माणसं. भुरी अंगणात उभी केली. झोपण्यापूर्वी काका तिच्यावर गोणपाट टाकून आले.

सकाळी अंगणातल्या बादलीत पाण्याऐवजी एक पांढरी चकती होती. काकांनी ती उलटी करून पाहिली, हसले, आणि जाऊन भुरीचा सेल्फ मारला. इंजिनाच्या पट्ट्यातून असा चीत्कार निघाला, की वरून अम्मा धावत आली.

"बंद कर! बंद कर! फट जाएगा!"

काकांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. बोट घातलं. बोट आत गेलंच नाही. चुलीवर बर्फ जमला होता.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्या अंगणात तेवढंच काय ते पाणी पातळ उरलं असावं. पुढच्या क्षणी ते गवताच्या पेंढ्या आणून इंजिनाखाली रचायला लागले. अम्माने काठी उगारली. आग नाही, उकळतं पाणीही नाही, हळूहळू गरम झालं तरच वाचेल, असं ती तिच्या बोलीत सांगत होती, आणि काका तिला "अम्मा, हमारी भुरी है, हमकू मालूम है," असं म्हणत होते, जे त्या क्षणी उघडउघड खोटं होतं.

नेमका तेव्हाच नलूमावशीचा फोन वाजला. शांताबाई रोज सकाळी फोन करायच्या. मावशीने फोन सरळ काकांच्या हातात दिला. तिला असल्या गोष्टींत फार रस होता.

"बाई..." काका म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला. "भुरी गोठली, बाई!"

पलीकडून खरखर आली. "काय म्हन्तं? भुरीले काय झालं?"

काकांनी डोळे मिटले. त्यांना भंगारवाला दिसला असणार. डोळे उघडले तेव्हा समोर अम्माच्या घराचं खालचं दार उघडं होतं आणि आतून एक गाय त्यांच्याकडे बघत होती.

"गोठ्यात!" ते ओरडले. "गोठ्यात! भुरी गोठ्यात हाय, म्हटलं! मस्त हाय!"

आणि फोन बंद केला.

"काका," मी म्हणाले, "हे सरळसरळ खोटं आहे."

"आतापुरतं हाय," ते म्हणाले. "आपुन खरं करू." आणि अम्माकडे वळून त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "अम्मा, वो गाय का कमरा खाली है क्या?"

अम्माने काठी खाली केली. पहिल्यांदाच तिला या माणसात काही अक्कल दिसली. ती म्हणाली, तेच तर मी मघापासून सांगत्ये. गाडी आत घाला. गाईंच्या उबेने सुटेल. गावातला ट्रॅक्टर दर हिवाळ्यात असाच सोडवतात.

शेजारपाजारचे आले. नलूमावशीने पदर खोचला आणि नेरची पद्धत समजावून सांगितली. त्या बर्फाच्या गावात, 'जिंदा' म्हणून दम घेत आणि 'बाद' म्हणून ढकलत, पहाडी लोकांनी भुरीला गोठ्यात लोटलं. दार अरुंद, गोठा लहान. भुरी कमरेपर्यंत आत गेली आणि अडकली. बॉनेट गाईंमध्ये, मागचं ढुंगण अंगणात. अम्मा वरून आमचीच एक रजई घेऊन आली, तिला आदल्या दिवशी दिलेली, आणि बॉनेटवर टाकली. मी म्हणाले, अम्मा, ही तुझी आहे. ती म्हणाली, "ठंड तो सबको लगती है, बेटी." आमच्या कापसाची ऊब अशी एका दिवसात परत आली. याच्यावर मी काही लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर पत्रकात बसलं नसतं.

दिवसभर काका गोठ्यात शेणाच्या वासात बसून राहिले. एक वासरू भुरीचा दिवा चाटत होतं, त्याला ते हाकलत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी आतून 'टप' असा आवाज आला. मग पुन्हा. काकांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि ऐकत राहिले. एक होज पाइप चिरला होता, तेवढंच. इंजिनाचा ब्लॉक वाचला होता. खालच्या बाजारातून आलेल्या मेकॅनिकने कारण सांगितलं: पाझरामुळे रेडिएटर रात्री काठोकाठ भरलेला नव्हता, बर्फाला फुगायला जागा मिळाली, आणि थोडं सरबत अजून शिल्लक होतं. यातलं काकांनी फक्त पहिलं ऐकलं.

"मी म्हनत नव्हतो? पाझर राहू द्या म्हून?"

नवा होज बसला. कूलंट मी माझ्या हाताने भरलं. त्या वेळी काका दुसरीकडे तोंड करून उभे होते, लेकराला सुई टोचताना बाप उभा राहतो तसे.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला पटवायला घेतलं.

"पत्रकबाई, सभेत तुले इचारतीन. खोटं बोलू नोको."

"मी बोलणारच नाही."

"तेच म्हनतो. भुरी गोठ्यात व्हती का नोयती?"

"होती, पण..."

"रस्त्यात बंद पडली काय?"

"नाही, अंगणात..."

"मंग झालं. 'पण'च्या आंधीच थांबजो. तुह्या पत्रकात बी पान संपलं की थांबतेच न तू?"

नलूमावशी मागे रजयांच्या रिकाम्या गोणपाटात तोंड खुपसून हसत होती. मी मात्र ठरवलं होतं. 'पण'च्या आधी थांबणारे लोकच या देशात सगळे घोटाळे करतात, आणि मी त्यांच्यातली नव्हे.

सभेला सगळ्या बाया आल्या होत्या. बाहेर भुरी उभी, धुतलेली, कपाळाला कोणीतरी झेंडूची माळ बांधलेली. भंगारवाल्यालाही निरोप गेला होता. तो दारात बसून चहा पीत होता. शांताबाईंनी सरळ विचारलं.

"रस्त्यात बंद पडली?"

"रस्त्यात? एक डाव नाही, बाई."

मी उभी राहिले. तोंड उघडणार तोच शांताबाईंनी मला हाताने खाली बसवलं. त्यांची नजर काकांवरच होती.

"लहानू, ढोरं बांधतो त्या जागेले तू काय म्हन्तं?"

काका गडबडले. "कोठा."

"तुहा बाप काय म्हने?"

"कोठा."

"भुरीच्या शेडले काय म्हन्तं?"

"कोठाच म्हन्तो, बाई."

"मंग त्या दिशी फोनवर तुह्या तोंडात पुस्तकातला गोठा कुठून आला?"

आमच्याकडे ढोरांचा कोठाच असतो. गोठा शाळेच्या धड्यात असतो. हे माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या बाईच्याही लक्षात आलं नव्हतं.

सहा फुटांचा माणूस पहिल्यांदाच लहानू दिसला.

"गोठली व्हती, बाई," ते म्हणाले. "थे बी तिच्यानं नाही. माह्या पान्यानं. ही पोरगी सांगून राह्यली व्हती, मीच आयकलं नाही. मले वाटे, येवढा लंबा रस्ता, तिले तहान लागली असन."

कोणी हसलं नाही. नलूमावशीसुद्धा. दारातला भंगारवाला चहा संपवून उठून उभा राहिला.

शांताबाईंनी बराच वेळ पदराने चेहरा पुसला. मग म्हणाल्या, "माहा शब्द काय व्हता? रस्त्यात बंद पडली त. रस्त्यात पडली नाही. शब्द म्हंजे शब्द. भुरी राहीन."

बायांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा हात आपोआप बॉनेट शोधू लागला, ते बाहेर असूनही.

"थांब, झालं नाही माहं. आजपासून भुरीले पानी पाजाचं काम नलूचं. ते हिरवं काय असन थे, तेच पाजन. तू हाकाचं. झाकनाले हात लावाचा नाही."

काकांचा चेहरा असा पडला, की तसा गोठलेल्या रेडिएटरपुढेही पडला नव्हता. "बाई," ते म्हणाले, "त्याच्यापेक्षा मले भंगारात टाका."

"तुले कोन घेते?" शांताबाई म्हणाल्या, आणि भंगारवाल्याने मान हलवून दुजोरा दिला.

नंतर मी कामासाठी वणी सोडली. काकांना शेवटचं पाहिलं ते बसच्या खिडकीतून, केळापूरच्या फाट्याजवळ, भर मे महिन्यात. बस सवारीसाठी थांबली होती. समोर हापशी, आणि हापशीपाशी भुरी. कडुलिंबाखाली नलूमावशी हिरवा डबा मांडीत घट्ट धरून पेंगत होती. काकांच्या हातात बादली होती.

मी खिडकीतून ओरडले, "काका! शांताबाईंनी पाणी बंद केलंय ना?"

त्यांनी वळून पाहिलं. मला ओळखलं. बॉनेट बंद होतं, झाकणाला हात नव्हता. त्यांनी अख्खी बादली वरून भुरीच्या पाठीवर ओतली आणि गवताच्या चुंबळीने तिला घासायला लागले.

"पाजून कुठी राह्यलो, पत्रकबाई?" ते ओरडले. "आंघोय घालून राह्यलो!"

बस निघाली. मी मागे वळून पाहत होते तोवर ते दुसरी बादली भरत होते, भुरीचीच. स्वतः अजून घोटभरही प्यायले नव्हते.